डिकीतला खर्ज

मोटारीत बसवायच्या सबवूफरची खरेदी आपल्याकडे बहुधा खोक्यावर छापलेल्या वॉटच्या आकड्यावरून होते, आणि आकडा जितका मोठा तितका आवाज खोल, असा ग्राहकाचा व पुष्कळदा विक्रेत्याचाही समज असतो. वस्तुतः खर्जाचा, म्हणजे साधारण २० ते ८० हर्ट्झ या पट्ट्यातल्या आवाजाचा, प्रश्न वॉटचा असण्याआधी हवेचा असतो. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी आंदोलने. ती जितकी कमी, तितकी ध्वनिलहर लांब. बेस गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली की सुमारे ४१ हर्ट्झचा स्वर निघतो आणि त्याची लहर आठ मीटरांहून लांब असते, म्हणजे चार मीटरांच्या आतल्या दोन छोट्या गाड्या एकामागे एक उभ्या केल्या तरी ती त्यांच्यापुढे उरते. मोकळ्या जागेत एक सप्तक खाली उतरून तेवढ्याच जोराने वाजायचे, तर स्पीकरच्या कोनाला, म्हणजे पुढेमागे हलणाऱ्या कागदी किंवा प्लास्टिकच्या पडद्याला, चौपट अंतर कापावे लागते. एवढी हवा हलवणारा स्पीकर आणि त्याला वीज पुरवणारा अँप या दोन वस्तू डोळ्यांना दिसतात, म्हणून पैसा त्यांच्यावर खर्च होतो. पेटीत कोंडलेली हवा आणि गालिच्याखालून गेलेले तांबे दिसत नाही, म्हणून काटकसर तिथे होते, आणि डिकीतून ऐकू येणाऱ्या बहुतेक निराशाजनक घुमण्याचे मूळ त्या काटकसरीत सापडते.

स्पीकरला पेटी लागते ती शोभेसाठी नव्हे. कोन पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. मधे अडसर नसेल तर पुढची हवा कडेने वळून मागची पोकळी भरून काढते आणि दोन्ही लहरी एकमेकींना खाऊन टाकतात. उंच स्वरांच्या लहरी आखूड असल्याने त्यांना याचा फारसा उपद्रव होत नाही, खर्ज मात्र जवळजवळ नाहीसा होतो. चुंबकाच्या खोबणीत हलणारी तारेची गुंडाळी आणि तिला चिकटलेला कोन ही आजच्या स्पीकरची रचना चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीत विकसित करून १९२५ मध्ये मांडली, तेव्हापासून कोनाच्या मागच्या लहरीचे करायचे काय, हा प्रश्न ध्वनिअभियंत्यांच्या मागे लागलेला आहे. त्याची दोन प्रतिष्ठित उत्तरे आहेत: ती लहर कोंडून टाकणे, किंवा तिला वळवून कामाला लावणे.

कोंडून टाकण्याच्या पद्धतीला बंद पेटी म्हणतात. खोल आवाजासाठी कपाटाएवढ्या पेट्या लागतात, असे मानले जाण्याच्या काळात एडगर व्हिलचर यांनी १९५४ मध्ये अकूस्टिक रिसर्च या कंपनीच्या ‘एआर-१’ या स्पीकरद्वारे दाखवून दिले, की कोनाची बांधणी मुद्दाम सैल ठेवली आणि त्याला मागे खेचण्याचे काम पेटीत कोंडलेल्या हवेवर सोपवले, तर पुस्तकांच्या फळीवर मावेल एवढ्या पेटीतूनही स्वच्छ खर्ज निघतो. कोंडलेली हवा इथे स्प्रिंगचे काम करते. सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने दाबून दांडा ढकलणाऱ्याला ही स्प्रिंग हाताला जाणवलेली असते. पेटी लहान केली की स्प्रिंग ताठ होते, मोठी केली की सैल.

ही स्प्रिंग किती ताठ असावी हे ठरवण्याचे गणित ऑस्ट्रेलियातून आले. नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि सिडनी विद्यापीठातील रिचर्ड स्मॉल यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी स्पीकरचे वर्तन मोजक्या आकड्यांत बांधून दिले, आणि त्यांच्या नावाने ओळखले जाणारे हे आकडे आज कोणत्याही बऱ्या सबवूफरच्या माहितीपत्रकात असतात. त्यांपैकी तीन इथे पुरेसे आहेत. ‘एफएस’ म्हणजे पेटीविना मोकळ्या स्पीकरचा स्वतःचा नैसर्गिक स्वर. ‘व्हीएएस’ म्हणजे हवेचे असे आकारमान की जिची लवचीकता स्पीकरच्या बांधणीइतकी भरेल. आणि ‘क्यूटीएस’ म्हणजे धक्का दिल्यावर स्पीकर किती लवकर थांबतो याचे माप, ज्यात आकडा लहान असेल तर तो चटकन थांबतो आणि मोठा असेल तर झोपाळ्यासारखा हेलकावत राहतो. पेटीत बसवल्यावरचे हेच माप ०.७ च्या आसपास राहिले, तर आवाज वरून खालपर्यंत सपाट उतरत जातो, असा संकेत आहे.

एक उदाहरण घ्यावे. दहा इंची स्पीकरचा एफएस ३२ हर्ट्झ, क्यूटीएस ०.४५ आणि व्हीएएस ४५ लिटर असेल, तर ०.७ च्या अपेक्षेने त्याला सुमारे ३० लिटरची बंद पेटी लागते आणि तीत त्याचा स्वर ५० हर्ट्झवर जाऊन बसतो. जागा वाचवण्यासाठी तोच स्पीकर १५ लिटरच्या तयार पेटीत कोंबला, तर ते माप ०.९ होते, स्वर ६४ हर्ट्झवर चढतो, त्याच्याभोवतीचे सूर फुगून येतात आणि खालचे आटतात. गाणे कोणतेही लावले तरी डिकीतून एकाच सुराचा ‘धुम्’ येत राहतो, अशी तक्रार ज्या गाड्यांविषयी होते त्यांत स्पीकर क्वचितच दोषी असतो. दोष त्या हरवलेल्या पंधरा लिटरचा असतो.

बंद पेटीचा खर्ज तिच्या स्वराच्या खाली सप्तकामागे १२ डेसिबलने घसरतो, आणि घराच्या दिवाणखान्यात ही घसरण उणीव ठरते. मोटारीत मात्र ती वरदान होते. डेसिबल हे ध्वनीच्या पातळीचे गुणोत्तरी माप असून १२ डेसिबलचा फरक म्हणजे शक्तीत सोळापट फरक. गाडीची आतली लांबी लहरीच्या निम्म्याहून कमी झाली की आत लहर अशी उरतच नाही. सगळी केबिन एकदम दाबली जाते आणि एकदम सैल होते, आणि तिथे आवाजाची पातळी कोनाने कापलेल्या अंतरावरच ठरू लागते. आतली लांबी पावणेतीन मीटर धरली तर ही सीमा ६०-६५ हर्ट्झच्या आसपास येते. तिच्या खाली केबिनकडून मिळणारी भर सिद्धान्ततः सप्तकामागे तेवढीच, १२ डेसिबल असते, म्हणजे पेटीने जे घालवले ते गाडी परत करते. दारांच्या फटी, पातळ पत्रा आणि काचा यांमुळे प्रत्यक्षात भर कमी मिळते, तरीही पाच दारांच्या छोट्या गाडीत साधी बंद पेटी ३० हर्ट्झच्या आसपास जे ऐकवते ते तिच्या आकाराच्या मानाने थक्क करणारे असते.

दुसरे उत्तर झरोक्याच्या, म्हणजेच पोर्ट असलेल्या पेटीचे. बेल लॅबोरेटरीजमधील अल्बर्ट थुरास यांना १९३२ मध्ये तिचे पेटंट मिळाले, पण तिच्यामागचे तत्त्व हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकातच विशद केले होते, आणि रिकाम्या माठाच्या तोंडाशी फुंकर घालणाऱ्या कोणत्याही मुलाला ते ठाऊक असते. माठाच्या गळ्यातली हवा हे वजन, पोटातली हवा ही स्प्रिंग, आणि दोहोंचा मिळून एक ठरावीक स्वर. पेटीला योग्य लांबीचा पाइप बसवून हा स्वर ३५ हर्ट्झवर आणला, तर त्या जागी कोन जवळजवळ स्थिर राहतो आणि पाइपातली हवाच वाजते. कोनाच्या मागची वाया जाणारी लहर उलटून पुढच्या लहरीला साथ देते. त्यामुळे तेवढ्याच विजेत खर्ज अधिक मिळतो, हा या पेटीचा मोठा लाभ.

त्याची किंमत मात्र मोजावी लागते. ५० लिटरच्या पेटीला ३५ हर्ट्झवर आणण्यासाठी आतून १० सेंटिमीटर व्यासाचा पाइप सुमारे ३१ सेंटिमीटर लांब हवा. प्लंबरच्या दुकानातला ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप या कामी सर्रास वापरला जातो. पाइप अरुंद असला तर त्यातून जाणारी हवा फुसफुसते, म्हणून तिचा वेग सेकंदाला १७ मीटरांच्या आत ठेवण्याचा दंडक आहे. परंतु रुंदी वाढवावी तशी लांबीही वाढवावी लागते, आणि १४ सेंटिमीटर व्यासाचा पाइप घेतला तर तो ६५ सेंटिमीटरांचा होऊन छोट्या डिकीच्या पेटीत मावेनासा होतो. शिवाय झरोक्याच्या स्वराखाली पेटीतली हवेची स्प्रिंगच नाहीशी होते. २० हर्ट्झचा जोरदार आघात आला की कोनाला आवरणारे कोणी नसते, तो आपल्या मर्यादेपलीकडे उसळतो आणि फाटतो किंवा गुंडाळी खोबणीवर आपटते. यासाठी अँपवर अतिखोल स्वर गाळणारी चाळणी, जिला सबसॉनिक फिल्टर म्हणतात, असणे आणि ती झरोक्याच्या स्वराच्या किंचित खाली लावलेली असणे अनिवार्य आहे. झरोक्याच्या पेटीचा आवाज आपल्या स्वराखाली सप्तकामागे २४ डेसिबलने कोसळतो, हेही विसरू नये.

निवडीचा एक जुना ठोकताळा असा, की एफएसला स्पीकरच्या विद्युत-अवमंदनाच्या मापाने, म्हणजे ‘क्यूईएस’ने, भागावे, उत्तर ५० च्या खाली आले तर बंद पेटी, १०० च्या वर गेले तर झरोका, मधे असेल तर दोन्ही चालतात. तबला-पखवाजाचा ठेका, ढोलकीची थाप किंवा उभ्या बेसची बोटे नेमकी ऐकायची असतील तर बंद पेटीचा पर्याय अधिक प्रामाणिक आहे; दीर्घ, ताणलेला इलेक्ट्रॉनिक खर्ज हवा असेल आणि डिकी मोकळी सोडायची तयारी असेल, तर झरोक्याची पेटी घ्यावी. दोन कप्प्यांची, स्पीकर आत दडवलेली बँडपास पेटी एका अरुंद पट्ट्यात मोठा आवाज देते आणि तिची रचना नेमकी साधणे कठीण असते. दुकानातल्या रंगीत दिव्यांच्या तयार बँडपास पेट्यांबद्दल याहून अधिक लिहिण्याचे कारण नाही.

महाराष्ट्रात या निवडीला आणखी एक वास्तव चिकटलेले आहे. मुंबई-पुण्याच्या पट्ट्यात सीएनजीवर चालणाऱ्या गाड्या मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांच्या डिकीतली बरीचशी जागा सिलिंडरने आधीच घेतलेली असते. अशा गाडीत ५० लिटरचा विचारच सोडावा लागतो. तिथे पुढच्या आसनाखाली मावणारा, अँप अंगातच असलेला चपटा सबवूफर हा व्यवहार्य मार्ग उरतो, जो ३०-४० हर्ट्झचा गाभा देत नाही पण दारांतल्या छोट्या स्पीकरांच्या खांद्यावरचे ओझे उतरवतो. आसनाखालून जाणाऱ्या पिवळ्या जोडण्या बहुधा एअरबॅगच्या असतात आणि त्यांना हात लावायचा नसतो; त्याचप्रमाणे सिलिंडर, त्याची झडप आणि वायूची नळी यांच्याजवळून विजेची जाड तार नेऊ नये, हे सांगण्याची गरज पडू नये, पण पडते.

पेटीचे लाकूड हा तसा थोडक्यात आटोपणारा विषय असता, जर कोकणातला पावसाळा नसता. जगभरच्या पुस्तकांत १८ मिलिमीटर जाडीचा एमडीएफ सुचवलेला असतो, कारण तो जड, एकसंध आणि स्वतः न वाजणारा असतो. पण भुशाच्या या दाबलेल्या फळीला पाणी लागले की कडा फुगतात, स्क्रू सुटतात आणि पेटीतून हवा गळू लागते. डिकीत पाणी उतरण्याची शक्यता असेल तिथे सागरी दर्जाचा, म्हणजे आयएस ७१० या भारतीय मानकाचा प्लाय महाग पडला तरी स्वस्त ठरतो. सुताराला माप देताना हमखास होणारी चूक म्हणजे बाहेरची मापे देणे. बाहेरून ५० गुणिले ३५ गुणिले ३५ सेंटिमीटरची पेटी कागदावर ६१ लिटरांची दिसते, परंतु १८ मिलिमीटरच्या फळ्या वजा जाता आत जेमतेम ४६ लिटर उरतात, आणि त्यातून स्पीकरचे चुंबक, आडवे आधार व झरोक्याचा पाइप यांची जागा आणखी वजा होते. आकार मात्र कसाही चालतो. ८० हर्ट्झच्या खालच्या लहरी पेटीच्या मानाने इतक्या लांब असतात की मागच्या आसनाच्या उतारानुसार तिरकी केलेली पेटी आणि चौकोनी पेटी यांत ऐकण्यापुरता भेद राहत नाही. सांधे फेव्हिकॉलने आणि आतून सिलिकॉनने बुजवावेत, बंद पेटीत गादीवाल्याकडचा पॉलिएस्टर फायबर सैलसर भरला तर तिचे आकारमान किंचित वाढल्यासारखे होते, आणि वीस-पंचवीस किलोची ही वस्तू डिकीत नुसती ठेवू नये, बोल्टने किंवा पट्ट्यांनी जखडावी, कारण अपघातात ती मागच्या आसनावरच्या माणसांच्या पाठीवर येते.

विजेच्या बाजूला आल्यावर पहिला धक्का प्रवाहाचा बसतो. घरातला ५०० वॉटचा मिक्सर २३० व्होल्टवर दोन अँपिअरांहून थोडा अधिक प्रवाह घेतो आणि त्याला बोटाएवढ्या तारेची गरज नसते. मोटारीत इंजिन चालू असताना १३.८ व्होल्टच्या आसपास दाब मिळतो. तिथे ५०० वॉटचा ध्वनी देणारा ‘डी’ वर्गाचा अँप, घेतलेल्या विजेतली साधारण ८० टक्के कामी लावतो असे धरले, तर पूर्ण जोरात सुमारे ४५ अँपिअर ओढतो. जुन्या ‘एबी’ वर्गाचा अँप बरीच वीज उष्णतेत घालवत असल्याने हाच आकडा ६५ च्या पुढे नेतो. संगीत सतत पूर्ण जोरात वाजत नाही, त्यामुळे सरासरी प्रवाह बराच कमी असतो, पण ढोलाचा प्रत्येक आघात त्या क्षणी पूर्ण मागणी करतो, आणि तिथेच बारीक तार उघडी पडते.

बॅटरी पुढे आणि अँप मागे, म्हणजे तार पाच मीटर धरावी. बाजारात ‘८ गेज’ म्हणून मिळणाऱ्या तारेचा छेद सुमारे ८.४ चौरस मिलिमीटर असतो (गेजचा आकडा लहान तितकी तार जाड, हा उफराटा हिशेब लक्षात ठेवावा). शुद्ध तांब्याच्या अशा तारेत ४५ अँपिअरला जवळजवळ अर्धा व्होल्ट वाटेतच गळतो आणि तार २० वॉटने तापते. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार असेल, तर अवरोध दीडपटीहून अधिक होऊन गळती पाऊण व्होल्टवर आणि उष्णता ३३ वॉटवर जाते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून पुण्याच्या तपकीर गल्लीपर्यंत कुठेही खरेदी केली, तरी ग्राहकाने एक तंतू नखाने किंवा ब्लेडने खरवडून पाहावा: आतून लालसर निघाला तर तांबे, पांढरा निघाला तर ॲल्युमिनियम. तयार संचात जाड, पारदर्शक आवरणाखाली तार बारीक असते, म्हणून बाहेरची जाडी नव्हे, आतला धातू मोजायचा. ४५ अँपिअरसाठी ८ गेज शुद्ध तांबे ही किमान पातळी समजावी आणि ४ गेज, म्हणजे सुमारे २१ चौरस मिलिमीटर, ही सुखाची.

फ्यूजविषयी सर्वत्र आढळणारा गैरसमज असा, की तो अँपचे रक्षण करतो. तो तारेचे रक्षण करतो. मोटारीची बॅटरी स्टार्टरसाठी शेकडो अँपिअर देण्याकरताच बनलेली असते. इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्याच्या भोकातून गेलेली तार घासून उघडी पडली, तर तोच शेकड्यांचा प्रवाह सबंध गाडीभर पसरलेल्या तारेतून धावतो आणि गालिचा पेटतो. म्हणून मुख्य फ्यूज बॅटरीपासून तारेच्या पहिल्या ४५ सेंटिमीटरांतच हवा, त्याचा आकडा तारेच्या कुवतीवर ठरवायचा, ८ गेज तांब्याला साधारण ५० ते ६० अँपिअर, आणि पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट बसवायचाच. अँपशेजारी बसवलेला फ्यूज देखणा दिसतो, पण त्याच्या आधीची साडेचार मीटर तार बेवारस राहते.

परतीचा मार्ग म्हणून गाडीचा पत्राच वापरतात आणि त्याला बॉडी अर्थ म्हणतात. ही तार मुख्य तारेइतकीच जाड आणि शक्य तितकी आखूड हवी, पत्र्यावरचा रंग खरवडून उघड्या धातूवर बोल्टने आवळलेली हवी; आसनाच्या पट्ट्याचा बोल्ट यासाठी वापरू नये. इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी-उतरणारी बारीक शिट्टी स्पीकरांतून ऐकू आली, तर शंभरातल्या बहुतेक वेळा सैल किंवा रंगावर बसवलेला अर्थ तिच्यामागे असतो, नाहीतर संगीताची नाजूक तार विजेच्या तारेला चिकटून नेलेली असते. या दोन तारा गाडीच्या वेगवेगळ्या बाजूंनी न्याव्यात.

गुंडाळ्यांची जोडणी हा अंकगणिताचा भाग आहे. अँपला जाणवणारा अवरोध ओहममध्ये मोजतात आणि तो कमी झाला की प्रवाह वाढतो. पुष्कळ सबवूफरांत दोन गुंडाळ्या असतात: ४-४ ओहमच्या दोन गुंडाळ्या एकापुढे एक, म्हणजे सिरीजमध्ये, जोडल्या तर ८ ओहम होतात, शेजारी-शेजारी, म्हणजे पॅरलल जोडल्या तर २. अशा दोन स्पीकरांच्या चारही गुंडाळ्या पॅरलल केल्या की १ ओहम, आणि प्रत्येकाच्या सिरीज करून मग ते पॅरलल केले की ४ ओहम मिळतो. २ ओहम हवा असेल तर तो या जोडीतून निघत नाही, २-२ ओहमच्या गुंडाळ्यांचे स्पीकर घ्यावे लागतात. म्हणून अँप आणि स्पीकर स्वतंत्रपणे पसंत करून नंतर त्यांचे लग्न लावणे टाळावे. २ ओहमपर्यंत चालणाऱ्या अँपला १ ओहम जोडला तर तो बंद पडतो किंवा जळतो. दोन स्पीकरांपैकी एकाचे अधिक-उणे उलटे जोडले गेले तर एक पुढे जाताना दुसरा मागे येतो आणि खर्ज गायब होतो. दीड व्होल्टच्या साध्या सेलची तार क्षणभर टेकवून दोन्ही कोन बाहेरच उसळतात ना, हे बसवण्यापूर्वी पाहता येते.

आता तो वॉटचा आकडा. पुढच्या पिढीला हे सांगून पटणार नाही, पण १९९०च्या दशकात हातात मावणाऱ्या टू-इन-वनवरही हजारभर वॉट ‘पीएमपीओ’ लिहिलेले असे, आणि त्याचा खऱ्या शक्तीशी संबंध जाहिरातीपुरताच असे. आज तिथे ‘मॅक्स’ किंवा ‘पीक’ लिहिले जाते. विचारात घेण्याजोगा आकडा फक्त ‘आरएमएस’ या नावाचा, म्हणजे यंत्र सलग देऊ शकेल अशा शक्तीचा. अँपवरचा गेनचा खुंटा आवाज वाढवण्याचे बटण नव्हे. संगीताच्या स्रोताची पातळी आणि अँप यांचा मेळ घालण्यासाठी तो असतो. मल्टिमीटरने तो नीट लावता येतो: शक्ती गुणिले ओहम यांचे वर्गमूळ काढावे, म्हणजे ५०० वॉट आणि २ ओहमला सुमारे ३१.६ व्होल्ट, आणि स्पीकर सोडवून, ५० हर्ट्झचा चाचणीस्वर वाजवत, तेवढा व्होल्टेज दिसेपर्यंतच खुंटा फिरवावा. त्यापुढे फिरवला की लहरींचे माथे छाटले जातात, आवाज फाटतो आणि गुंडाळी तापत जाते.

हे सगळे जुळल्यावर खर्ज गाडीबाहेरही जातो, कारण एवढ्या लांब लहरीला पत्रा अडवू शकत नाही. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातलेली आहे, पण ती ‘ए’ भारांकनात, म्हणजे कानाला कमी जाणवणारे स्वर वजा करून मोजली जाते. ५० हर्ट्झला ही वजावट ३० डेसिबल आणि ३१.५ हर्ट्झला ३९ डेसिबल आहे. विसर्जनाच्या मिरवणुकीत खिडक्यांची तावदाने थरथरत असताना मीटरवरचा आकडा त्या मानाने सौम्य का दिसतो, याचे एक कारण या वजावटीत आहे. उलट डिकीच्या पत्र्याचा आणि नंबरप्लेटचा खडखडाट काहीशे हर्ट्झच्या वर असतो, त्याला अशी सवलत नाही, आणि रस्त्यावरच्या माणसाला गाण्याऐवजी तोच ऐकू येतो. म्हणून जाणते कारागीर काम संपवण्यापूर्वी ३० ते ८० हर्ट्झचा चढता स्वर वाजवत गाडीभोवती फेरी मारतात, पत्रा जिथे थरथरतो तिथे आतून ब्यूटाइल रबराचा पट्टा चिकटवतात, आणि नंबरप्लेटच्या मागे फोमची पट्टी लावतात.